दोन मळणी यंत्रे आणि सहा शेतकरी: पाळी कशी लावावी?

प्रश्न (मंगरूळपीर तालुका, जि. वाशीम)
आमच्या शेतकरी गटाकडे सोयाबीनची दोन सारखीच मळणी यंत्रे आहेत. सहा जणांच्या सुड्या लागल्या असून, यंत्र नेण्याचा वेळ धरून त्यांना ९, ७, ५, ४, ३ आणि २ तास लागतील. मोठ्या कामाला आधी यंत्र देण्याची आमची रीत आहे, कारण त्यामुळे दोन्ही यंत्रे १५ तासांत मोकळी होतात. पण ज्याचे काम दोनच तासांचे आहे तो अल्पभूधारक शेवटपर्यंत आभाळाकडे पाहत बसतो, हे मनाला पटत नाही. सर्वांचे मिळून थांबणे कमीत कमी कसे होईल?

उत्तर (कारंजा)
भाऊ, तुमच्या रीतीने कामे ९, १३, १५ आणि ७, १२, १५ व्या तासाला संपतात, बेरीज ७१. लहान काम आधी घ्या आणि जे यंत्र मोकळे होईल त्यावर पुढचे लावा. मग एकावर २, ४, ७ आणि दुसऱ्यावर ३, ५, ९ तासांची कामे जाऊन संपण्याच्या तासांची बेरीज ४९ होते. याहून कमी शक्य नाही, कारण यंत्रावरील शेवटच्या कामाचे तास बेरजेत एकदाच येतात, त्याआधीच्याचे दोनदा आणि पहिल्याचे तीनदा. म्हणून मोठे आकडे शेवटीच हवेत.

उत्तर (पुसद)
नियम बरोबर आहे, पण या मांडणीत दुसरे यंत्र १७ तास चालते. शेवटच्या ७ आणि ९ तासांच्या कामांची फक्त अदलाबदल करावी: बेरीज ४९च राहते आणि दोन्ही यंत्रे १५ तासांत मोकळी होतात. असे दोन्ही हेतू दरवेळी साधतीलच असे नाही. तुमची जुनी रीतही निराधार नव्हती. दोन सारख्या यंत्रांवर तिने लागणारा एकूण काळ सर्वोत्तम काळाच्या ७/६ पटींपलीकडे जात नाही, हे गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६९ मध्ये सिद्ध केले आहे. मात्र एखादी सुडी उघड्यावर असेल, तर केवळ तास पाहू नयेत. नुकसानीच्या धोक्याला वजन देऊन तास भागिले वजन हा आकडा ज्याचा लहान, त्याला आधी घ्यावे. दोन यंत्रांवर ही रीत नेहमीच सर्वोत्तम ठरत नाही, तरी ती उपयोगी आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. ९ तासांचे काम असलेल्या शेतकऱ्याची मळणी आता नवव्या तासाऐवजी पंधराव्या तासाला संपेल, आणि ७ तासांचे काम असलेल्याचीही तेव्हाच. म्हणून गटाची ताडपत्री आधी या दोघांच्या सुड्यांवर टाकण्याचे आज संध्याकाळी ठरवतो.