फ्लूची लाट: हवामानामुळे की बंद खिडक्यांमुळे?

तापीकाठ:
"गारठा पडला की फ्लू, ऊन तापलं की सुटका" असं आपल्याकडे जळगाव-धुळ्यात सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. काही जण उलट टोकाला जाऊन "हवामानाचा संबंध नाही, सगळं बंद खिडक्यांमुळे" म्हणतात. श्रीनगरला फ्लूची लाट जानेवारी ते मार्चमध्ये येते. देशाच्या बहुतेक भागात मोठी लाट जुलै ते सप्टेंबरात येते, आणि महाराष्ट्रात बऱ्याच वर्षी जानेवारी-मार्चमध्ये आणखी एक. म्हणजे हवामानाचा हात आहेच, फक्त नुसत्या थंडीचा नाही. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये गिनीपिगांवर प्रयोग झाले. २० अंशांवर हवा कोरडी (आर्द्रता २० ते ३५ टक्के) असताना फ्लू शेजारच्या पिंजऱ्यात सहज पोचला, ८० टक्क्यांना पोचलाच नाही. ५ अंशांवर प्रसार वाढला. एवढं दिसत असताना "हवामानाचा संबंध नाही" म्हणणं चूक आहे.

गिरणाथडी:
ते पिंजरे होते, गाव नव्हे. "हवा कोरडी की फ्लू पसरतो" हे तुमचंच सूत्र खानदेशला लावून बघा. मे महिन्याची दुपार, ४२ अंश, आर्द्रता १५ टक्के: घनमीटर हवेत साधारण ८.५ ग्रॅम वाफ. जानेवारीची पहाट, १२ अंश, ६० टक्के: ६.४ ग्रॅम. श्रावणात २८ अंश, ८० टक्के: २२ ग्रॅम. कोरडी हवा हेच कारण असतं तर श्रावणात फ्लू गप्प बसायला हवा होता. नेमका तेव्हाच तो वाढतो!
कारण माणसांच्या वागण्यात आहे. जूनच्या मध्यात शाळा भरतात, झडीमुळे खिडक्या बंद होतात, नागपंचमीनंतर कानबाई (खानदेशातला देवीचा सण) बसते आणि सगळे भाऊबंद एका घरात रोट (देवीच्या प्रसादाचं जेवण) खायला जमतात. आणि २०२१ विसरू नका. कोविडची दुसरी लाट एप्रिल-मेच्या उन्हात शिगेला पोचली, देशात एका दिवसात ४ लाखांवर रुग्ण सापडत होते.

तापीकाठ:
२०२१ चं उदाहरण इथे बसत नाही. विषाणू नवा, बहुतेकांना प्रतिकारशक्ती नव्हती, त्या लोंढ्यात ऋतूचा परिणाम बुडून गेला. जुन्या, दरवर्षीच्या विषाणूंतच ऋतू स्वच्छ दिसतो.
श्रावणाचं म्हणाल तर खोकल्यातला थेंब नीट समजून घ्या. आर्द्रता ४० ते ६० टक्के असली की थेंब अर्धवट सुकतो, त्यातलं मीठ दाट होतं आणि विषाणू लवकर निकामी होतो. त्याहून कोरड्या हवेत थेंब पूर्ण सुकून मिठाचे स्फटिक होतात, त्यामुळे विषाणूला तो खारट मारा बसत नाही. फार दमट हवेत थेंब पातळ राहतो, तेव्हाही तो तग धरतो. शिवाय उन्हातले अतिनील किरण बाहेरच्या हवेतला विषाणू मिनिटांत खलास करतात, आणि पावसाळ्यात तेच ऊन ढगाआड असतं.

गिरणाथडी:
पण ८० टक्क्यांना प्रसार थांबल्याचा आकडा तुम्हीच दिला होता. गिनीपिगांवर प्रयोग करणाऱ्या त्याच गटाने २००८ मध्ये दाखवलं की ३० अंशांवर हवेतून प्रसार थांबला तरी एकाच पिंजऱ्यातल्या जनावरांना लागण झालीच. जवळीक असली की हवामान आडवं येत नाही. माझा मुद्दा हाच आहे.

सातपुडा_पायथा:
दोघांचंही बाहेरच्या हवेवर चाललंय. लागण होते खोलीत. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळ्यात मोठी चूक कूलरची. तो खिडकीत, पाठ बाहेर करून बसवायचा आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवायचं. मग आत आलेली हवा बाहेर निघते. लोक कूलर खोलीत आणून दार लावतात. तीच हवा फिरते, दमटपणा ७०-८० टक्क्यांवर जातो, घाम सुकत नाही आणि एकाचा खोकला सगळ्यांच्या वाट्याला येतो. स्प्लिट एसीही बाहेरची हवा आत घेत नाही, हे अनेकांना माहीत नसतं.
शाळेचा वर्ग धरा: २४ बाय २० फूट, उंची १० फूट, म्हणजे १३६ घनमीटर. तासाला ५ वेळा हवा बदलायला ६८० घनमीटर हवा लागते. एक्झॉस्ट पंखा घेताना खोक्यावर ताशी घनमीटरचा आकडा बघा, आणि पंख्याच्या समोरच्या भिंतीतून हवा आत यायला जागा ठेवा, नाहीतर पंखा नुसता घोंघावतो. पावसात छज्ज्याखालची खिडकी आणि वरचे झरोके उघडे ठेवले तरी खूप फरक पडतो. कार्बन डायऑक्साइड मीटर मिळाला तर उत्तम: बाहेर सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतं, वर्गात १००० च्या वर गेलं की हवा कोंडलीय.

तापीकाठ:
हे मान्य. पण ऋतू सोडून चालणार नाही, कारण लस त्यावरच ठरते. फ्लूची लस लागू पडायला साधारण २ आठवडे लागतात आणि संरक्षण महिन्यागणिक उतरतं. आपली मोठी लाट जुलैत सुरू होते, तर लस मे महिन्यात, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी. साठीपुढचे, गरोदर बायका, दमा-मधुमेहाचे रुग्ण यांनी तर नक्कीच. नोव्हेंबरात घेतली तर श्रावणापर्यंत तिचा जोर बराच ओसरलेला असतो.

गिरणाथडी:
लशीचं वेळापत्रक पटलं. तरी कानबाईच्या घरी पंगत ओसरीवर किंवा मांडवाखाली बसवा आणि खोकणाऱ्याला त्या दिवशी घरीच ताट पोचवा. पाऊस असो वा नसो, त्याने लागण कमी होते.