प्रियस (तिसरी पिढी): टेकस्ट्रीमने बॅटरीची एसओसी (चार्जची टक्केवारी) मर्यादा बदलता येते का?

यारातीर:
नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची प्रियस (टोयोटाची हायब्रिड), २ लाख १४ हजार किमी झालेली, बॅटरी मूळचीच. गाडी मेलबर्नमध्ये असते. उन्हाळ्यात पारा ३८-४० ला गेला आणि लांब चढ लागला की लाल त्रिकोण पेटतो. कोड पी०ए८० (हायब्रिड बॅटरी पॅक बदला, असा अर्थ). पुसला की काही दिवस गप्प, मग पुन्हा येतो. वर्कशॉपचं म्हणणं, अख्खा पॅक बदला.

लॅपटॉपवर टेकस्ट्रीम (टोयोटाचं निदानाचं सॉफ्टवेअर) आहे आणि ते गाडीला जोडायची मिनी व्हीसीआय केबलही आहे. एका व्हिडिओत सांगितलंय की बॅटरीचा चार्ज ६० टक्क्यांऐवजी ७० वर धरून ठेवायचं सेटिंग सॉफ्टवेअरमध्ये असतं, आणि तसं केलं की कमजोर सेलवर ताण येत नाही. कस्टमाइझ मेनू पालथा घातला, पण दरवाज्यांची कुलुपं, रिव्हर्सचा बीप, दिवे यांपलीकडे काही दिसलं नाही. हे सेटिंग नेमकं कुठे असतं? आणि ते नसेल तर टेकस्ट्रीमने बॅटरीसाठी करण्यासारखं काय आहे?

दहा_नंबर_पाना:
सापडणार नाही, कारण तिथे ते नाहीच. कस्टमाइझमध्ये दिसतात त्या ग्राहकाच्या सोयीच्या गोष्टी. एसओसी कुठे धरायची, किती खाली जाऊ द्यायची, किती वर थांबायचं, हे पॉवर मॅनेजमेंट ईसीयूच्या (हायब्रिड यंत्रणा सांभाळणाऱ्या संगणकाच्या) फर्मवेअरमध्ये पक्कं बसवलेलं असतं. साधारण ४० ते ८० टक्क्यांचा पट्टा आणि मधे ६० च्या आसपासचं लक्ष्य. ते बदलायचं तर अख्खं कॅलिब्रेशन नव्याने भरावं लागतं, आणि तशी फाइल कंपनीच काढते. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या, ते असंच काम होतं: बूस्ट कन्व्हर्टरच्या (बॅटरीचा व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) ट्रान्झिस्टरवर पडणारा उष्णतेचा ताण कमी करायला नवं सॉफ्टवेअर भरलं. तुमची गाडी त्याच पिढीतली आहे. चासी नंबर टाकून ते काम झालंय का, एवढं बघून घ्या. तुमच्या कोडशी त्याचा संबंध नाही, पण राहिलं असेल तर फुकटात होईल.

आणि समजा ७० वर धरता आलं, तरी उपयोग काय? पॅकमध्ये २८ मॉड्यूल, प्रत्येकात ६ सेल, सगळे एका सरीत. ईसीयूला दिसतात फक्त १४ ब्लॉक, म्हणजे दोन-दोन मॉड्यूलच्या जोड्या. सेलपर्यंत वायरच जात नाही, मग सॉफ्टवेअर एकट्या सेलला काय भरवणार? तुमचा जो सेल मागे पडलाय तो ७० वरही मागेच राहील. उलट चार्जिंगच्या वेळी त्याचा व्होल्टेज आधी उड्या मारेल आणि तो आणखी तापेल.

टेकस्ट्रीमचा खरा उपयोग निदानाला आहे. आधी कोड पुसायची घाई सोडा. कोडवर जाऊन फ्रीझ फ्रेम सेव्ह करा. कोड आला त्या क्षणी करंट, तापमान, एसओसी काय होती ते तिथे मिळतं. पुसलंत की तेही गेलं. मग डेटा लिस्टमधून एवढंच निवडा: बॅटरी ब्लॉक व्होल्टेज व्ही०१ ते व्ही१४, पॅकचा करंट, एसओसी, तापमान टीबी१ ते टीबी३, आत येणाऱ्या हवेचं तापमान, आणि विन-वाउट, म्हणजे ईसीयू किती किलोवॉट आत-बाहेर जाऊ देतोय ते. सगळी यादी चालू ठेवलीत तर वाचन संथ होतं.

तीन अवस्थांत नोंद हवी. एक, गाडी रेडीमध्ये (निघायला तयार), इंजिन बंद, एसी बंद, करंट शून्याजवळ. दोन, मोकळ्या रस्त्यावर २० वरून ६० पर्यंत दाबून घ्यायची, म्हणजे १०० अँपिअरच्या आसपास काढले जातात. तीन, लगेच एकसारखा ब्रेक, म्हणजे चार्जिंग. लॅपटॉप शेजारच्याकडे द्या आणि रेकॉर्ड करून घ्या, आकडे नजरेने टिपता येत नाहीत. मग ते इथे टाका.

केबलवाला:
मिनी व्हीसीआयबद्दल एक. त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा आहे. ६४ बिट विंडोजवर नुसता इन्स्टॉलर चालवला तर बऱ्याचदा केबल दिसतच नाही, फाइली हाताने बसवाव्या लागतात. जुना ३२ बिट लॅपटॉप घरात पडला असेल तर तोच वापरा, डोकेदुखी वाचेल.

फोनवर डॉक्टर प्रियस किंवा हायब्रिड असिस्टंट वापरणाऱ्यांसाठी: ॲप चांगली आहेत, घात करतो तो गाडीच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ डोंगल. स्वस्तातल्या नकली ईएलएम३२७ डोंगलला लांब, अनेक तुकड्यांत येणारं उत्तर नीट जोडता येत नाही. मग काही ब्लॉक शून्य दिसतात, नाहीतर मागचेच आकडे पुन्हा येतात, आणि माणूस धडधाकट पॅक उघडून बसतो.

आणखी एक. गाडी रेडीमध्ये न ठेवता नुसती इग्निशन ऑन करून तासभर कोड वाचत बसू नका. १२ व्होल्टची बॅटरी बसते, आणि ती बसली की भलतेच कोड येतात. मागची छोटी बॅटरी आधी मल्टिमीटरने बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास हवी.

यारातीर:
आभार. नोंदी घेतल्या.
शून्य करंट, एसओसी ५८: बाकी ब्लॉक १५.६, सातवा १५.४.
१०० अँपिअर काढताना: बाकी १३.४ ते १३.६, सातवा १२.०.
४० अँपिअर भरताना: बाकी १६.३ ते १६.५, सातवा १६.९.
तापमान टीबी१ ३७, टीबी२ ४६, टीबी३ ३९. बाहेर २९.
मग हे सेन्सिंग वायरचं (ब्लॉकचा व्होल्टेज ईसीयूला कळवणारी) गंजणं असू शकतं का? तसं असेल तर पॅक वाचला.

दहा_नंबर_पाना:
आकड्यांनीच उत्तर दिलंय. हिशेब करा. चांगला ब्लॉक १५.६ वरून १३.५ वर आला, म्हणजे १०० अँपिअरला २.१ व्होल्टची घट, ०.०२१ ओहम. सातवा १५.४ वरून १२.० वर, ३.४ व्होल्ट, ०.०३४ ओहम. भरताना तोच ब्लॉक सगळ्यांच्या वर जातोय. काढताना खाली आणि भरताना वर, ही वाढलेल्या अंतर्गत रोधाची खूण. एखादा सेल शॉर्ट होऊन मेला असता तर तो ब्लॉक काढताना, भरताना, उभा असताना, कायम १.२ व्होल्टच्या आसपास खालीच दिसला असता.

सेन्सिंग वायरमधून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे तिच्या गंजण्याने चूक झाली तरी ती करंटच्या प्रमाणात अशी वाढत-घटत नाही. बसबारचा (मॉड्यूल एकमेकांना जोडणारी धातूची पट्टी) सांधा मात्र असं करू शकतो. जास्तीचे ०.०१३ ओहम सांध्यात असते तर १०० अँपिअरला तिथे १३० वॉट उष्णता निघाली असती, आणि बसबारचं प्लास्टिक वितळलेलं किंवा काळं पडलेलं दिसलं असतं. उघडल्यावर आधी तेच बघा. माझा कौल मात्र मॉड्यूलवर आहे, कारण करंट शून्य असतानाही सातवा ०.२ ने खाली आहे. करंट नसताना सांध्याचा काही परिणाम उरत नाही.

आता टीबी२ कडे बघा. मधला सेन्सर ४६ आणि कडेचे ३७-३९. ब्लॉक सात पॅकच्या मध्यावरच येतो. हवा पुरत नाहीये. टेकस्ट्रीममध्ये ॲक्टिव्ह टेस्टमध्ये बॅटरीचा पंखा चालवायची सोय आहे, १ ते ६ पायऱ्या. ६ वर ठेवा आणि मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीवर टिश्यू पेपर धरा. घट्ट चिकटून राहायला हवा. लोंबला, किंवा पंख्याचा आवाज मोठा आणि ओढ नाही, तर पंख्याच्या पात्यांत धूळ-केसांचा नमदा बसलाय. पंखा काढून ब्रशने साफ करा, फुंकून नाही. फुंकलेली धूळ पुढे मॉड्यूलच्या फटीत जाऊन बसते. मॉड्यूल बदललंत आणि पंखा तसाच ठेवलात तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारचा ब्लॉक हजर होईल.

कॅमरी_पुणे:
इकडच्या वाचकांसाठी जोड देतो. आपल्याकडे २०१३ पासून बिडदीत जुळवलेली कॅमरी हायब्रिड जुन्या बाजारात बरीच फिरते आहे. तत्त्व तेच, आकडे वेगळे: ३४ मॉड्यूल, २४४.८ व्होल्ट, १७ ब्लॉक. प्रियसचे २०१.६ व्होल्ट आणि १४ ब्लॉक डोक्यात ठेवून कॅमरीचा पॅक मोजायला बसू नका. गाडी घेण्याआधी वरच्यासारखी तीन अवस्थांतली नोंद मागा. उभ्या गाडीचे आकडे सगळ्यांचेच छान असतात. मागच्या सीटवर कव्हर, गाद्या, पडदे टाकून हवेची जाळी झाकलेली असेल तर आधी ते काढा.

हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या हायब्रिडमध्ये लिथियम आयन आहे. खाली चार्जरची चर्चा निघेलच, त्यातलं काहीही त्यांना लावू नका.

लोड_टेस्टर:
निघाली. पॅक बदलण्याआधी ग्रिड चार्जरने (घरच्या विजेवर अख्खा पॅक हळू भरणारा) बॅलन्स करून, म्हणजे सगळे सेल एका पातळीला आणून बघा असं माझं मत. निकेल मेटल हायड्राइडचा गुण असा की भरलेला सेल जास्तीचा करंट उष्णतेत घालवतो, तोवर मागे पडलेला सेल वर येतो. म्हणून करंट अगदी थोडा, ३५० मिलिअँपिअरच्या आसपास, आणि पंखा पूर्ण वेळ चालू. २८ मॉड्यूलचा पॅक २३५ व्होल्टच्या आसपास जाऊन स्थिरावतो. पंखा बंद ठेवून हे केलंत तर मॉड्यूल फुगतात. चार्जर पॅकच्या मापाचाच हवा, घरी जुगाड केलेला नको.

दहा_नंबर_पाना:
बॅलन्सिंगने सेलच्या चार्जमधला फरक भरून निघतो, वाढलेला रोध उतरत नाही. सातव्यात ६० टक्के जास्त रोध आहे. चार्जरने कोड थोडा लांबेल, एवढंच. त्या ब्लॉकचं मॉड्यूल बदलून मग सगळा पॅक बॅलन्स करायचा असेल तर क्रम बरोबर आहे.

लोड_टेस्टर:
मान्य, या केसमध्ये आधी मॉड्यूल. पण एक बदलून भागेल ही आशा २ लाख किमीच्या पॅकमध्ये धरू नका. सगळी २८ तपासा. बाहेर काढून काही तास ठेवा, व्होल्टेज लिहा, मग प्रत्येकावर १२ व्होल्टचा ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब दोन मिनिटं लावा. चांगलं मॉड्यूल थोडं उतरून थांबतं, खराब घसरतच राहतं. नंतर हॉबी चार्जरवर ६ सेलचं सेटिंग ठेवून पूर्ण भरा, ६.० व्होल्टपर्यंत रिकामं करा, किती निघाले ते लिहा. नवीन असताना ६५०० मिलिअँपिअर-तास. चार हजारांच्या खाली आलेलं परत पॅकमध्ये घालू नका. भरताना मॉड्यूल दोन पाट्यांत आवळलेलं हवं, सुटं ठेवलं तर पोट सुटतं. बदली मॉड्यूल बाकीच्यांच्या क्षमतेजवळचं निवडा. अगदी नवं एकटं घातलं तर जुन्यांबरोबर तेच बेसूर होतं. शेवटी सगळ्यांचे धन एकत्र, ऋण एकत्र असं समांतर जोडून रात्रभर ठेवा, मग पॅक बांधा.

दहा_नंबर_पाना:
उघडण्याआधी, यारातीर, हे न चुकता. १२ व्होल्टचं ऋण टोक काढा, इन्सुलेटेड ग्लोव्ह्ज घाला (१००० व्होल्टचे, आणि आधी फुगवून भोक आहे का ते बघा), नारिंगी सर्व्हिस प्लग काढून खिशात ठेवा, म्हणजे दुसरं कुणी परत लावणार नाही. दहा मिनिटं थांबा, इन्व्हर्टरचे कपॅसिटर उतरतात. पण पॅक मेलेला नसतो. प्लग काढल्यावर त्याचे दोन तुकडे होतात आणि मोठ्या तुकड्यात शंभराहून जास्त व्होल्ट उरतात. अंगठी, घड्याळ बाहेर.

मॉड्यूलवर मार्करने १ ते २८ आकडे आणि धन टोकाची खूण आधी करा. ती आलटून पालटून उलटी बसवलेली असतात, एक उलटं बसलं तर बसबार लावतानाच शॉर्ट. सातवा ब्लॉक कुठल्या टोकापासून मोजायचा यावर वाद नको, बल्ब लावला की तो स्वतःच ओळख देईल. बसबार हिरवे पडले असतील तर व्हिनेगरमध्ये बुडवून, धुऊन, पूर्ण सुकवून लावा. नट ५.४ न्यूटन-मीटर, छोट्या टॉर्क रेंचनेच. हाताच्या अंदाजाने आवळलेत तर प्लास्टिकमधला स्टड फिरतो आणि चांगलं मॉड्यूल भंगारात जातं.

बांधून झाल्यावर या पिढीत नव्या पॅकची सॉफ्टवेअरमध्ये नोंद करावी लागत नाही, कोड पुसले की झालं. मग तीच तीन अवस्थांतली नोंद पुन्हा घ्या आणि टीबी२ चा आकडा जरूर टाका.