मदत हवी आहे: डिसेंबरात कळसूबाई चढायचं ठरलंय, आम्ही पाचजणी साताऱ्याच्या, तयारी कशी करावी?

शाहूपुरीकर:
नमस्कार मंडळी. आम्ही पाच मैत्रिणी, वयं ४३ ते ५६. रोज सकाळी गावाजवळच्या 'चार भिंती' टेकडीकडे फिरायला जातो, तिथलीच ओळख. रविवारी अजिंक्यतारा, श्रावणात जरंडेश्वर, एवढं आमचं चढणं. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या ताई येत्या वर्षी निवृत्त होतायत. राज्यातल्या सगळ्यात उंच जागी एकदा उभं राहायची त्यांची फार जुनी इच्छा आहे. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कळसूबाई करायचं पक्कं केलं. आज सप्टेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे हातात तीन महिने आहेत.

आता शंका सांगते. सपाटीवर आम्ही तासभर न थांबता चालतो. अजिंक्यताऱ्याला डांबरी रस्त्याने जाताना दम लागतो, पण पोचतो. खरा त्रास उतरताना होतो. दोघींचे गुडघे पुढून दुखतात आणि माझ्या मांड्या खाली आल्यावर थरथरतात. एकीला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. एकीला उंचीची भीती वाटते आणि तिथे लोखंडी शिड्या आहेत असं ऐकलंय. १६४६ मीटरवर ऑक्सिजन कमी पडतो का, हेही कुणी सांगा. घरच्यांनी इतकं घाबरवलंय की आता नेमकी माहिती हवी आहे. "काही होत नाही, बिनधास्त जा" असं कृपया लिहू नका. काय होऊ शकतं आणि त्यासाठी आत्तापासून काय करायचं, ते लिहा.

पायवाट:
ताई, तीन महिने पुरेसे आहेत. आधी उंचीचा हिशोब करू. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आणि अजिंक्यतारा त्याच्या ३०० मीटर वर. पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाईचा चढ ८०० मीटरच्या थोडा वर भरतो. म्हणजे अजिंक्यतारा एका दमात पावणेतीनदा चढायचा, आणि तितकाच उतरायचा. हा आकडा पाचही जणींनी डोक्यात ठेवा, सगळा सराव त्यावरच बेतायचा आहे.

ऑक्सिजनची काळजी सोडून द्या. उंचीचा आजार साधारणपणे २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. कळसूबाईच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८२ टक्क्यांच्या आसपास असतो, तर साताऱ्यात आपण रोज ९२ टक्क्यांत राहतो. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंटही १४०० मीटरच्या वर आहे, तिथे गाडीतून उतरल्यावर कुणाला धाप लागत नाही. कळसूबाईवर दम लागेल तो चढाचा. त्यावर उपाय म्हणजे वेग. शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे इतक्याच वेगाने चढा. वाक्य तुटायला लागलं की पावलं आखूड करा, पण दर दहा पावलांना बसू नका.

आता उतरण्याबद्दल, कारण तुमची खरी अडचण तीच आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराला ब्रेक लावतो. या ब्रेकच्या कामात दम लागत नाही, त्यामुळे आपण भराभर उतरतो, आणि तिथेच स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. मांड्या थरथरतात, पाय नेमका पडत नाही, घोटे मुरगळतात. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. चांगली गोष्ट अशी की स्नायू हे काम लवकर शिकतो. एकदा बेताचा उतार उतरला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतरण्याने पूर्वीइतकं दुखत नाही. म्हणून सराव चढण्याचा जेवढा, त्याहून थोडा जास्त उतरण्याचा करा. परतताना कुणाच्या गाडीवर बसून खाली येऊ नका.

सप्टेंबरात वाटा निसरड्या असतात, तेव्हा डांबरी रस्ता धरा. अजिंक्यतारा आठवड्यातून दोनदा, यवतेश्वरचा घाट एकदा. आठवड्यातले आणखी दोन दिवस घराचा जिना. ऑक्टोबरात पाठीवर सॅक घ्या, दोन किलोपासून सुरुवात करून हळूहळू पाच किलोपर्यंत न्या. पाण्याच्या बाटल्या भरून वजन करता येतं. याच महिन्यात एका रविवारी अजिंक्यतारा लागोपाठ दोनदा चढा-उतरा. पाऊस ओसरला की पांडवगड किंवा वैराटगड करा, म्हणजे घसाऱ्यावर पाऊल कसं टाकायचं ते कळेल. नोव्हेंबरच्या मध्यावर एक पूर्ण दिवसाचा ट्रेक हवाच, आणि आपल्या जिल्ह्यात त्यासाठी वासोटा किल्ल्यासारखी दुसरी जागा नाही. बामणोलीहून बोट, वन विभागाची परवानगी, दाट जंगलातला चढ, आणि बोटीच्या वेळेला खाली पोचायचं बंधन. कळसूबाईला लागणारी वेळेची शिस्त तिथे आपोआप अंगात भिनते. त्यानंतर शेवटचे आठ-दहा दिवस फक्त हलकं चालणं. ऐनवेळी जोर लावून दुखणं ओढवून घेऊ नका.

मिरजवाला:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या मिरजेकडे दंडोबा सोडला तर चढ मिळत नाही, त्यामुळे पेशंटना जिन्यावरच तयार करावं लागतं. तोच व्यायाम तुम्हाला सांगतो.

जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उभ्या राहा. एका पायावर भार ठेवून दुसरी टाच एक-दोन-तीन मोजत, हळू जमिनीला टेकवा आणि परत वर या. टाच धाडकन पडली तर तो मोजू नका. गुडघा आत वळायला नको, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. प्रत्येक पायाने दहा वेळा, असे दोन फेरे, एक दिवसाआड. जोडीला भिंतीला पाठ टेकून अर्धं बसणं, आणि पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं. कमरेमागचे स्नायू कच्चे असले की सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. उतरताना पुढून दुखतं त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

मात्र गुडघ्याला सूज येत असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा पाय टाकताना दगा देत असेल, तर व्यायाम थांबवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नी कॅपने बरं वाटतं, पण ती कच्च्या स्नायूची जागा घेत नाही. ट्रेकिंग पोल मात्र जरूर घ्या, एक नाही दोन. चढताना कोपर काटकोनात येईल एवढी लांबी ठेवा, उतरताना थोडी वाढवा आणि पोल पावलाच्या आधी खाली टेकवा. गुडघ्यावरचा भार खरंच कमी होतो. वापरायची सवय मात्र अजिंक्यताऱ्यावरच करून घ्या.

प्रवराकाठ:
माझं गाव अकोले तालुक्यात आहे, नोकरीमुळे साताऱ्यात असतो. पुणे, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर आणि मग बारी, असा तुमचा रस्ता. गाडीत सात तास धरून चला. रात्रभर प्रवास करून पहाटे चढायला लागायचं, असं बरेच ग्रुप करतात. तुम्ही ते करू नका. न झोपलेल्या पायांचा तोल उतरताना जातो, आणि परतीला ड्रायव्हरला डुलकी लागायची भीती वेगळी. आदल्या दिवशी दुपारपर्यंत भंडारदऱ्याला किंवा बारीत पोचा. गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते. संध्याकाळी पाय मोकळे करा, लवकर झोपा.

सकाळी सहाच्या आत निघा. तुमच्या वेगाने चढायला चार तास आणि उतरायला तीन तास धरा. शनिवार-रविवारी शिड्यांवर रांग लागते, जमलं तर मधला वार निवडा. मधल्या वारी वाटेवर लिंबू सरबत, भजी, पिठलं-भाकरी मिळेलच याचा भरवसा नाही, म्हणून खाणं-पाणी सगळं सोबत हवं. माथ्याच्या अलीकडे विहीर आहे, पण तिच्यावर विसंबू नका. प्रत्येकीने तीन लिटर पाणी घ्या. त्यातल्या एका लिटरमध्ये ओआरएस घाला. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर ते एका लिटरलाच पूर्ण वापरायचं, अर्ध्या बाटलीत अर्धं असा अंदाज नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सपाट सहा चमचे आणि मीठ सपाट अर्धा चमचा.

शिड्या कातळाच्या खड्या टप्प्यांवर आहेत, धरायला कठडे आहेत. ज्या ताईंना भीती वाटते त्यांनी दोन्ही हात मोकळे ठेवावेत, पोल सॅकला अडकवावेत, आणि उतरताना शिडीकडे तोंड करून उतरावं. पुढे एक, मागे एक मैत्रीण, आणि नजर पुढच्या पायरीवर. मागून कुणी घाई केली तर थांबून त्यांना आधी जाऊ द्या. ढग गडगडायला लागले तर शिडी आणि माथा दोन्हीपासून लांब व्हा. डिसेंबरात ती वेळ सहसा येत नाही.

वर बारीपेक्षा पाच-सहा अंश थंड असतं, शिवाय वारा. घामाने ओला टीशर्ट बदलायला एक कोरडा आणि एक वाऱ्याचं जॅकेट घ्या, सुती कपडा अंगावर ओला राहतो. आकाश स्वच्छ असेल तर अलंग, मदन, कुलंग, भंडारदऱ्याचा जलाशय, रतनगड, हरिश्चंद्रगड सगळं एका फेरीत दिसतं. मंदिर लहानसं आहे. आम्हा आसपासच्या गावांसाठी ती देवी आहे, नवरात्रात जत्रा भरते. तेवढा मान ठेवा आणि कचरा खाली घेऊन या.

शाहूपुरीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. पायरीचा व्यायाम आज करून पाहिला, टाच धाडकन पडत होती हे खरं. दोन गोष्टी अजून विचारते. मधुमेह असलेल्या मैत्रिणीने नेमकी काय काळजी घ्यावी? आणि दुसरं, थोडं अवघड आहे. मोठ्या ताईंची इच्छा फार आहे. अर्ध्या वाटेत त्या दमल्या आणि तरी "होईल मला" म्हणाल्या, तर त्यांना परत फिरा असं कोणी आणि कसं सांगायचं?

सकाळचाफेरा:
मला मधुमेह आहे आणि मी डोंगर चढतो. तुमच्या मैत्रिणीने जायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना हे सरळ विचारावं: "सात-आठ तास चढ-उतार करणार आहे, त्या दिवशी गोळी किती आणि कधी घेऊ?" काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, श्रमाच्या दिवशी साखर एकदम खाली येऊ शकते. मेटफॉर्मिन एकटी असेल तर तो धोका बराच कमी असतो. डोस मात्र मनाने बदलायचा नाही. सोबत ग्लुकोमीटर ठेवावा, निघताना, वर पोचल्यावर आणि अस्वस्थ वाटलं की तपासावं. हात कापणं, थंड घाम, छातीत धडधड, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर तपासणी होईपर्यंतही थांबू नका. पाण्यात तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, फरक नसेल तर पुन्हा द्या. कंदी पेढा अशा वेळी उपयोगाचा नाही, दुधातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ही लक्षणं बाकी चौघींना पाठ हवीत, कारण जिची साखर उतरते तिला स्वतःला ते कळेलच असं नाही. त्या रात्रीही साखर उतरू शकते, म्हणून उपाशी झोपू देऊ नका. आणि दर थांब्याला मोजे काढून पायाला फोड आलाय का ते पाहा.

पायवाट:
तुमचा दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डोंगरावर ठरवायला गेलात तर जिचा आग्रह जास्त तिचं ऐकलं जाईल. म्हणून आत्ताच, साताऱ्यात बसून, पाचहीजणींच्या संमतीने वेळ ठरवा. साडेअकरा वाजता जिथे असाल तिथून परत, मग शिखर दहा मिनिटांवर दिसत का असेना. हे मोठ्या ताईंच्या तोंडूनच वदवून घ्या, म्हणजे त्या दिवशी कुणाला त्यांना काही सांगावं लागणार नाही. चालताना त्यांना सगळ्यात पुढे ठेवा, वेग त्यांचा. मागे राहिलेला माणूस धावत येतो, बाकीचे विसावलेले असतात, तो पोचला की लगेच निघतात. त्याला विश्रांती मिळतच नाही. कुणी परत फिरली तर सोबत दुसरी हवीच, एकटी नाही.

छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काही झालं तर घड्याळ बघायचं नाही. तिथेच बसवायचं, गावातली माणसं बोलवायची आणि १०८ ला फोन करायचा. पन्नाशीच्या पुढच्यांनी आणि मधुमेह असलेल्या ताईंनी आत्ताच एकदा हृदयाची तपासणी करून घ्यावी. स्ट्रेस टेस्ट लागेल का, ते डॉक्टर सांगतील. घरच्यांनाही तो रिपोर्ट दाखवा, त्यांची भीती निम्मी होईल.

शाहूपुरीकर:
साडेअकराचं आज सकाळी चार भिंतीजवळ बसून ठरलं. मोठ्या ताईंनी स्वतःच मान्य केलं. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात घेतली आहे. बुटांचं तेवढं कुणी सांगा. दोघींकडे जुने ट्रेकिंग शूज आहेत, कपाटात बरीच वर्षं पडून. तेच चालतील का?

मिरजवाला:
ते आधी अजिंक्यताऱ्यावर घालून बघा. पडून राहिलेल्या बुटांचा डिंक सुकतो, मधला थर भुगा होतो, आणि तळवा अर्ध्या वाटेत सुटतो. नवे घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. जे मोजे ट्रेकला घालणार तेच घालून मापा. पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट जायला हवं. दुकानातच उतरत्या फळीवर किंवा जिन्यावर उतरून पाहा, बोटं पुढे आपटली तर तो नंबर सोडा. ऑक्टोबरपासून वापरायला लागा. निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा, आणि उतरायला लागण्याआधी घोट्याजवळची लेस घट्ट आवळा.