गुग्गुळाच्या काड्यांना पालवी येते आणि मग कुजतात, का?

बरडवाला, शिंदखेडा
टेकडीला लागून दोन एकर मुरमाड बरड आहे, तिथे गुग्गुळ लावायचाय. जूनमध्ये काळ्या मातीच्या पिशव्यांत काड्या लावल्या, रोज पाणी दिलं. पंधरवड्यात पालवी आली, नंतर बुडाशी काळ्या पडून मऊ झाल्या. बियांपासून करू का? डिंक कधी निघेल?

पांझराकाठ
भाऊ, काळी माती आणि रोजचं पाणी, तिथेच गेलं सगळं. ती पालवी काडीतल्या साठ्यावर फुटते; खाली तेव्हा मूळ नसतंच. काडी अर्धवट लाकूड झालेली घ्या, 20 ते 25 सेंमी लांब, सुमारे 1 सेंमी जाड. कोवळे शेंडे कुजतात. काप डोळ्याच्या लगेच खाली द्या, चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवा, मग रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी भुकटी) लावून रोवा. मिश्रण: दोन भाग जाड वाळू, एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. वरचा थर कोरडा पडल्याशिवाय पाणी नाही. उपटून बघायचा मोह टाळा. शेतात नेण्याजोगं रोप व्हायला 10-12 महिने लागतात, म्हणजे लागवड पुढच्या पावसाळ्यात. वाळवी असेल तर खड्ड्यात निंबोळी पेंड घाला.

रोपवाला
बियांची उगवण फारच कमी, शंभरात पाचेक. काळ्या आठळीचं बी घ्या, पांढुरकं सहसा उगवत नाही. नर झुडपं विरळ असतात, आणि मादी झुडूप परागीभवनाशिवायही बी धरतं, त्यामुळे बियांचं रोपही बहुधा आईचीच नक्कल निघतं. म्हणून काड्या एकाच झुडपाच्या नकोत, पाच-सहा वेगळ्या झुडपांच्या घ्या. जंगलातून तोडू नका. वनविभागाला विचारा किंवा रोपवाटिकेतून आणा. आणि साळईला गुग्गुळ समजून आणणारे पुष्कळ आहेत! साळई मोठा वृक्ष, तिचं पान कडुनिंबासारखं अनेक पर्णिकांचं (एका देठावरच्या छोट्या पानांचं). गुग्गुळ दोन-तीन मीटरचं वेडंवाकडं झुडूप, फांदीचं टोक काटेरी, साल कागदासारखी सुटते, पर्णिका एक किंवा तीन.

पांझराकाठ
डिंकाची घाई नको. झुडूप जोमदार व्हायला सात-आठ वर्षं तरी जातात. डिंकासाठी चिरा द्यायच्या त्या डिसेंबर ते मार्चमध्ये, फक्त सालीत. लाकडापर्यंत गेलात तर झुडूप मरतं. जास्त डिंकासाठी काहीजण इथेफॉन हे रसायन टोचतात, त्यानेही झुडपं मरतात. अशाच ओरबाडण्यामुळे आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ आहे.

बरडवाला, शिंदखेडा
बरडावर आधी चर खोदून कडुनिंब, ग्लिरिसिडिया लावू का?

रोपवाला
नको. गुग्गुळाला उघडं ऊन आणि निचरा हवा, दाट सावलीत तो खुरटतो. वेडी बाभूळ मात्र मुळासकट काढा, नुसती तोडली तर दुप्पट फुटते. चर खोदण्याआधी टेकडीवर जुनं गुग्गुळ आहे का ते पानं असताना, पावसाळ्यात बघून खूण करा. उन्हाळ्यात ते वाळक्या काटक्यांत ओळखू येत नाही आणि जेसीबीखाली जातं. अंतर 3 × 3 मीटर, पहिली दोन-तीन वर्षं शेळ्यांपासून कुंपण.