कुत्रा काढायला बसते आणि कागदावर शेळी उतरते

शिसपेन्सिल:
आमचा ढब्बू नऊ वर्षांचा. महिनाभर रोज त्याची रेखाटनं करतेय, वही निम्मी भरली. झोपलेला ढब्बू जमतो, बिचारा हलत नाही. जागा झाला की माझी पंचाईत. 'आंघोळ' हा शब्द कानावर पडला की तो पळत नाही. जागीच थिजतो, मान दुसरीकडे वळवतो, डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघतो आणि पुढचा एक पंजा दोन बोटं वर उचलून धरतो. घरात हसून पुरेवाट होते. हेच मला काढायचंय. भुवया वाकवल्या, तोंडाचे कोपरे खाली ओढले, तर कुत्र्याचा मुखवटा घातलेला रडका माणूस तयार झाला. फोटोवरून गिरवलं तर भुसा भरल्यासारखा दिसला. भाचा म्हणाला, "मावशी, शेळी छान आलीये." काय चुकतंय?

कागदी_बोका:
चित्रातल्या तोंडावर अंगठा ठेवा. उरलेल्या धडावरून मूड कळला नाही, तर तोंड कितीही खोडा, फरक पडणार नाही. तुम्हीच लिहिलंय की पंजा वर आहे. म्हणजे भार मागे गेला. मग बूड थोडं खाली, पाठीला किंचित पोक, मागचे पाय पोटाखाली घेतलेले. आधी मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच रेघ ओढा आणि तिथेच ठरवा की हा पुढे निघालाय की मागे सरकतोय.
शेळीचं म्हणाल तर चारी पाय खांबांसारखे रोवत असणार. मागच्या पायात उलटा वाकलेला दिसतो तो गुडघा नाही, टाच आहे. कुत्रा बोटांवर चालतो. खरा गुडघा वर, पोटाजवळ. मी ही चूक दोन वर्षं केली आणि वर लोकांना शिकवलीही!

रेघोट्या:
+१. डार्विनच्या भावनांवरच्या १८७२च्या पुस्तकात कुत्र्याची दोन चित्रं आहेत, एक भांडायला निघालेला, एक लाडात आलेला. पहिल्याचं अंग ताठ, शेपूट वर. दुसरा अख्खा खाली वाकून वळवळतोय. लांबून बघितलं तरी कोण कोणता ते कळतं.

ओलं_नाक:
मी कुत्र्यांना आंघोळी घालण्याचंच काम करते, त्यामुळे हा चेहरा रोज बघते. :) मान एकीकडे आणि नजर दुसरीकडे असली की डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. ती कोर काढा, तोंडाचे कोपरे सोडून द्या. कान टोकाकडून वाकवू नका, तो बुडापासून मागे फिरतो. मध्येच नाक चाटतो का बघा. जांभईही देईल, पण ती झोपेची नसते.
भुवया मात्र अगदीच चूक नाहीत. २०१९च्या एका अभ्यासात आढळलं की भुवईचं आतलं टोक उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला असतो, लांडग्यांमध्ये जेमतेम. तेव्हा आतलं टोक तेवढं उचला, बाकी कपाळाला हात लावू नका.

कागदी_बोका:
हो, आणि फोटो नको. बघा, पाठ फिरवा, मग अर्ध्या मिनिटात आठवेल तेवढंच काढा. जे आठवलं नाही त्याची बहुतेक गरजच नसते.

शिसपेन्सिल:
अंगठा ठेवला. धड बघून हा बसची वाट बघतोय असं वाटत होतं!
काल अकरा रेखाटनं केली. सातव्यात पाठीची रेघ लागली, नवव्यात ती पांढरी कोर. कान घाईत राहूनच गेला, तरी भाच्याने विचारलं, "हा कुणाला टाळतोय?" शेळीचं नाव नाही. पंजा अजून हातमोज्यासारखा येतोय, त्याचं नंतर बघू.
अडचण वेगळीच झालीये. तीनदा 'आंघोळ' म्हणून एकदाही घातली नाही, तर ढब्बूने ओळखलं. चौथ्यांदा म्हटलं तेव्हा कूस बदलून घोरायला लागला.

ओलं_नाक:
आता खरंच घाला एकदा. पेन्सिल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या.