पहाटे खाली कोण थांबलंय? पळणाऱ्यांनो, तुमचे अनुभव लिहा

पहाटे ५:१० ला पुण्यात आमच्या सोसायटीच्या गेटाशी आम्ही तिघी भेटतो. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी, शेजारच्या इमारतीतली एक मैत्रीण आणि मी. नियम एकच आहे: ५:१५ पर्यंत वाट बघायची आणि निघायचं. फोन करून कुणाला उठवायचं नाही. सहा वर्षं झाली, पण न सांगता कुणी आलं नाही असं फार कमी वेळा झालं. गजर बंद करून झोपता येतं हो, पण वहिनी खाली अंधारात एकट्या उभ्या असतील हे एकदा डोक्यात आलं की पाय आपोआप चपला शोधायला लागतात.

आठवडा साधा आहे. मंगळवारी पाच-सहा किलोमीटर अगदी सावकाश, गप्पा मारत. गुरुवारी पौड रोडकडून एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे जाणारी चढण, वर वेताळ टेकडीपर्यंत. रविवारी लांबचं. पावसाळ्यात हे लांबचं अंतर वाढत जातं, कारण साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन जवळ आलेली असते. २०१२ पासून होणारी ही शर्यत २१ किलोमीटरची आहे. गाव मागे पडलं की यवतेश्वरचा घाट लागतो, मग कासच्या रस्त्यानं वर जायचं आणि त्याच वाटेनं परत खाली यायचं.

पहिल्या वर्षी आम्ही फक्त चढायचा सराव केला होता. वर छान पोचलो. धुकं होतं, साताऱ्याची माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून 'चला चला ताई' म्हणत होती, वाटलं आता काय, उतारच आहे. आणि उतारावरच माझ्या मांड्या धरल्या. चढताना दम लागतो, पण उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच अंगाचं सगळं वजन पेलत असतो, दर पावलाला. त्याला ती सवयच नव्हती. शेवटचे चार किलोमीटर मी चालत आले आणि वहिनी माझ्याबरोबर चालत आल्या. त्यांचे पाय शाबूत होते. पंधरा-वीस मिनिटं तरी आधी पोचल्या असत्या. मी दोनदा म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. त्या म्हणाल्या, "पुढे जाऊन काय करू, तुझीच वाट बघणार ना?"

त्यानंतर आम्ही एआरएआयवरून उतरायचा सरावही करतो. पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, टाचेनं ब्रेक मारायचा नाही.

तुम्ही कोणाबरोबर पळता, आठवडा कसा लावलाय, मध्येच बंद पडलं तर परत कशामुळे सुरू झालं, ते लिहा. वेळा, मेडलं सगळं चालेल, पण माणसांबद्दल जास्त लिहा.

ठाण्याहून

मी ५२ वर्षांचा. साखर काठावर आली म्हणून चालायला लागलो आणि कॉलेजातल्या मित्रानं पळायला लावलं. तो माझ्यापेक्षा किलोमीटरमागे मिनिटभर तरी वेगवान. येऊरच्या चढावर त्याच्या मागून जायचं, तोंडातून शब्द फुटत नाही इतका दम लागायचा आणि मला वाटायचं, हाच तो व्यायाम. तीन आठवड्यांत मी आठवड्याचे २० किलोमीटर ३८ वर नेले. नडगी दुखायला लागली. आधी पळताना दुखायची, मग चालताना, मग रात्री झोपेत. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत होतं. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, एमआरआयमध्ये हाडाला बारीक तडा निघाला.

डॉक्टरांनी समजावलेलं इथे लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. छातीतला दम काही आठवड्यांत वाढतो, हाडांना आणि स्नायुबंधांना महिने लागतात. दम वाढला म्हणून आपण पळत सुटतो आणि हाड अजून मागच्या महिन्यातच असतं.

सहा आठवडे पळणं बंद. मित्र फार खजील झाला होता, त्याचा काही दोष नसताना. दर रविवारी स्वतःचं पळणं आटोपून, घामेजलेल्या टी-शर्टातच घरी यायचा. बायको त्याला चहा-पोहे द्यायची. परत सुरुवात केली तेव्हा तो माझ्याबरोबर नुसता चालला, मग एक मिनिट पळणं नि दोन मिनिटं चालणं, असं दोन महिने. आता आमचा नियम असा की येऊरला जाताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग कमी करायचा. रविवारी आम्ही दीड-दोन तास बोलत असतो. मुलांची लग्नं, त्याच्या वडिलांचं आजारपण, सगळं त्या रस्त्यावर बोलून झालंय. घरात समोरासमोर बसून आम्ही दोघं एवढं कधीच बोललो नसतो. (येऊरला जाणाऱ्यांनी उजाडल्यावर आणि घोळक्यानंच जावं. जंगल बिबट्याचं आहे.)

माण तालुक्यातून

मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडे पहाटे रस्त्यावर जे पळताना दिसतात ते हौसेनं नाही पळत, भरतीसाठी पळतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, वर १०० मीटर आणि गोळाफेक. माझ्या दोन माजी विद्यार्थिनी एकदा घरी आल्या. म्हणाल्या, "मॅडम, अंधारात दोघीच असलो की घरचे सोडत नाहीत. तुम्ही नुसत्या सोबत आलात तरी सोडतील."

म्हणून मी गेले. सोबतीला म्हणून. पहिले काही दिवस स्कुटी घेऊन त्यांच्यामागे सावकाश यायची, हेडलाइटचा उजेड रस्त्यावर पडावा म्हणून. त्या उजेडात त्यांची पावलं दिसायची. एकीची ओढणी कमरेला गच्च बांधलेली, दुसरीच्या बुटाचा तळवा टाचेशी सुटलेला, तो दर पावलाला फट् फट् वाजायचा. आठवडाभर तो आवाज ऐकला आणि मग स्कुटीवर बसवेना. एका मुलीच्या भावाला स्कुटी चालवायला बसवलं आणि मी उतरून पळायला लागले. वय ४१, साडीची सवय, ड्रेस घालून रस्त्यानं पळणार म्हटल्यावर सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पहाटे उठून पाणी तापवून ठेवलं.

आता आम्ही नऊजणी आहोत. एक दिवस ८०० मीटर घड्याळ लावून, चार वेळा, मध्ये पाच मिनिटं विसावा. एक दिवस माळावर. बाकी दिवशी नुसतं रमतगमत. पहिल्या दोघींपैकी एक भरती झाली, ती सुट्टीवर आली की आमच्यात पळते. ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या मोही गावची. रिओला २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत धावायच्या शर्यतीची, अंतिम फेरी धावून ती दहावी आली. आमच्या पोरी तिचं नाव शेजारच्या आळीतल्या मोठ्या ताईचं घ्यावं तसं घेतात. त्यांना मोही ते रिओ हे अंतर लांबचं वाटत नाही, आणि मला त्यांच्याकडे बघून वाटतं, बरोबरच आहे त्यांचं.

नागपूरहून

थोडक्यात लिहितो. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रात्रीसुद्धा जमीन तापलेली राहते. आम्ही पाचजण पहाटे साडेचारला फुटाळा तलावावर जमतो आणि सहाच्या आत घरी. उन्हाळ्यात वेगाचं नाव काढायचं नाही हे ठरलेलं. एक भाऊ मडक्यातलं पाणी मोठ्या थर्मासमध्ये भरून आणतात. लिंबू, साखर, मीठ त्यांच्या घरचं. गेल्या वर्षी त्यांना ताप होता तर थर्मास मुलाच्या हाती पाठवला. एवढं केल्यावर कोणाची हिंमत आहे दांडी मारायची!

लंडनहून

आमच्या घराजवळ बुशी पार्क आहे. पार्करन जिथून सुरू झालं तेच. २ ऑक्टोबर २००४ ला तिथे तेराजण धावले होते, आज जगभर चालतं. दर शनिवारी सकाळी नऊला, पाच किलोमीटर, पैसे नाहीत. एकदा नाव नोंदवायचं, आपला बारकोड बरोबर न्यायचा की झालं. या देशात नवीन आले तेव्हा माझी ओळख फक्त ऑफिसातल्या लोकांशी होती. नवरा प्रवासात. शनिवार सकाळ खायला उठायची. पार्करनला गेले ती कुणाशी तरी दोन शब्द बोलता येतील म्हणून.

पण मला सांगायचंय ते आईबद्दल. ती गेल्या उन्हाळ्यात आली होती. वय ६९, गुडघे कुरकुरणारे. मी तिला हरणं बघायला चल म्हणून नेलं. तिथे सगळ्यांच्या मागे चालणारा एक स्वयंसेवक असतो. शेवटचा नंबर कायम त्याचा, म्हणजे तुम्ही कितीही हळू असलात तरी शेवटचे तुम्ही नसता. त्या दिवशी ते काम एका साठीच्या ब्रिटिश बाईंकडे होतं. आईला इंग्रजी जेमतेम, त्यांना मराठी शून्य. मी पळून आले, बारकोड दाखवला आणि वाट बघत थांबले. तासाभरानं दोघी झाडांमधून येताना दिसल्या. आईनं साडीवर माझे बूट घातले होते, पदर खोचलेला, आणि ती त्या बाईंना हातवारे करून काहीतरी सांगत होती. मी विचारलं, काय सांगत होतीस? तर लोणच्याला कैरी कशी चिरायची ते.

आई आता सांगलीत रोज सकाळी चालते. शनिवारी पाच किलोमीटर. तिथली दुपार झाली की मला फोटो पाठवते आणि लिहिते, "माझं झालं. तू ऊठ."

दादरहून

आम्ही चौघे शिवाजी पार्कचे. दहा वर्षं मुंबई मॅरेथॉनची तयारी एकत्र केली. जानेवारीतला तिसरा रविवार म्हणजे आमची दिवाळी. ऑगस्टपासून आखणी, पार्काला फेऱ्या, मग वरळी, मग मरीन ड्राइव्हपर्यंत जाऊन परत, असं डिसेंबरात ३२ किलोमीटरपर्यंत. मग शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करत आणायचं.

चौघांतल्या एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पळणं कायमचं बंद झालं. त्यानं आमच्याबरोबर येणंच सोडलं. आम्हीही जपून बोलायला लागलो, त्याच्यासमोर पळण्याचा विषय काढायचो नाही. ती आमची चूक होती, आता कळतं. त्या जानेवारीत मी पेडर रोडच्या चढाला लागलो. ज्यांनी पूर्ण मॅरेथॉन केलीय त्यांना माहीत आहे, ४२ मधले पस्तीसेक किलोमीटर पायाखालून गेलेले असतात आणि तेव्हा तो चढ येतो. एरवी गाडीतून जाताना तिथे चढ आहे हे लक्षातही येत नाही. ऊन डोक्यावर, पोटरीत गोळा. दोन्ही बाजूंना माणसं संत्री, चिक्की, मीठ घेऊन उभी असतात, ओळख ना देख. त्या गर्दीत एक हात पुढे आला, हातात सोललेल्या संत्र्याच्या फोडी, आणि आवाज आला, "खांदे सैल सोड. पुढच्या झाडापर्यंत." पुढच्या झाडापर्यंत हे आमचं सरावातलं वाक्य. तो पहाटेपासून काठी टेकून तिथे उभा होता, कारण आम्ही तिघे किती वाजता तिथे पोचू याचा हिशेब त्यानं आदल्या रात्री मांडला होता.

आता रविवारी तो स्कूटरवर पाणी घेऊन येतो आणि वेळा लिहून ठेवतो. पळायचं पळणाऱ्यांनीच, असं काही नसतं.

नाशिकहून

मी थोडं वेगळं लिहिते. मला ग्रुप मानवला नाही. सकाळी पळून झालं की सगळ्यांचे वेग ॲपवर, त्यावर अंगठे, मग दुसऱ्या दिवशी आपलाही आकडा बरा दिसावा म्हणून नको तेवढं पळणं. शिवाय सकाळी माझ्याकडे तीन डबे. म्हणून ग्रुप सोडला आणि रात्री साडेनऊनंतर सोसायटीच्या आतल्या रस्त्यानं पळते. फेरी साधारण ४०० मीटरची, बारा फेऱ्या.

फोन घरीच ठेवते, त्यामुळे मोजणं चुकायचं. एकदा वॉचमन काकांना सहज म्हटलं, किती झाल्या कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गेटाच्या रजिस्टरमागे खडूनं रेघा मारायला सुरुवात केली. मी गेटावरून गेले की आवाज येतो, "ताई, सात." "ताई, आठ." बाकी काही बोलणं नाही. मध्ये मी पंधरा दिवस आले नाही, मुलाची परीक्षा होती. परत गेले तेव्हा काका खुर्चीतून उठून उभे राहिले आणि खडू शोधायला लागले.

पुण्यातूनच, कोथरूड

मी कधीच पळाले नाहीये. वय ४४, वजन जास्त आहे. सगळे अनुभव दोनदा वाचले. ताई, एआरएआयला येणाऱ्यांपैकी तुम्ही आहात हे वाचून विचारावंसं वाटलं. माझ्यासारखीला चालेल का? तुमचा वेग माझ्यामुळे मोडेल.

धागा काढणारीकडून

ये ना! मंगळवारी ये, गुरुवारी नको, त्या दिवशी चढण असते. एकदा डॉक्टरांना विचारून घे, रक्तदाब बघून घे. पाच मिनिटं चालू, मग एक मिनिट पळायचं आणि दीड मिनिट चालायचं, असं आठ वेळा. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी ठेवून. एक मिनिट म्हणजे खरंच एक मिनिट, बरं वाटलं तरी दोन करायची नाहीत. वेग कुणाचा मोडत नाही, मंगळवार आमचाही सावकाशच असतो आणि वहिनी तर खूश होतील, त्यांना बोलायला नवीन माणूस मिळेल. बूट साधे चालतील, फक्त बोटांपुढे अंगठाभर जागा हवी. उपाशीपोटी जमत नसेल तर एक केळं खा. पत्ता निरोपातून पाठवते. ५:१० ला गेटाशी ये, आणि छोटी टॉर्च आण, वळणावरचा दिवा गेले दोन आठवडे बंद आहे.