मदत हवी आहे: कुत्रा मांजरीला इतका जपतो की कोणाला जवळ फिरकू देत नाही

ओसरी:
घरात दोन प्राणी आहेत. कुत्रा 4 वर्षांचा, मिश्र जातीचा, 24 किलो, नसबंदी झालेला. मांजरी दीड वर्षाची, 3.4 किलो, तिचंही ऑपरेशन झालंय. ती 9 आठवड्यांची असताना आली, तेव्हापासून दोघांचं मेतकूट आहे. टेकून झोपतात, ती त्याचे कान चाटते, खाण्यावरून भांडण नाही (भांडी वेगळ्या खोल्यांत).

अडचण साधारण दोन महिन्यांपासूनची:
– पाहुण्याने मांजरीकडे हात नेला की कुत्रा मध्ये येऊन आडवा उभा राहतो. हात मागे घेतला नाही तर गुरगुरतो.
– तिला कॅरिअरमध्ये घालताना घरच्या माणसावरही गुरगुरला आणि हवेत दात आपटले. चावला नाही.
– ती सोफ्यावरून उतरायला लागली की कधीकधी पाठीवर पंजा ठेवतो किंवा वाट अडवतो.
– खिडकीबाहेर परकं मांजर दिसलं की हिच्यापुढे येऊन भुंकतो.

घरात दोन मतं आहेत. एक, "किती जपतो बघा." दुसरं, "एक दिवस कोणालातरी चावेल." हे खरंच संरक्षण आहे का? गुरगुरल्यावर ओरडावं का? दोघांना वेगळं ठेवायची वेळ आली आहे का?

पाऊलखुणा:
कुत्र्याचं वागणं नीट टिपलंय, मांजरीबद्दल मात्र काहीच नाही. तो मध्ये उभा राहतो तेव्हा ती काय करते? शेपूट उभी करून त्याच्या पायांना अंग घासते, का अंग चोरून बसते? कान पुढे असतात का बाजूला पडतात? आणि ती लघवीला दिवसातून किती वेळा जाते? गेल्या दोन महिन्यांत तिच्या वाळूच्या ट्रेमधले लघवीचे गोळे कमी झालेत का? हे सांगा, मग पुढे बोलू.

ओसरी:
पाहुणे असताना कान बाजूला, अंग खाली दाबलेलं, शेपटीचं टोक हलतं. तो बाजूला झाला की लगेच उठून जाते. ट्रेमध्ये आधी रोज 3-4 गोळे असायचे, आता 2. गेल्या आठवड्यात एकदा बाथरूमच्या पायपुसण्यावर केलं होतं. ट्रे पॅसेजच्या टोकाला आहे आणि कुत्रा बऱ्याचदा पॅसेजमध्येच पसरलेला असतो.

पाऊलखुणा:
मग आधी डॉक्टर, प्रशिक्षण नंतर. वाट अडवली गेली की मांजर लघवी धरून ठेवतं, पाणी कमी पितं, आणि ताणामुळे मूत्राशयाला सूज येऊ शकते. ट्रेबाहेर करणं ही त्याची नेहमीची खूण. मादी असल्याने लघवी पूर्ण अडण्याची शक्यता कमी आहे, पण ट्रेमध्ये बसून जोर लावते आणि काहीच येत नाही असं दिसलं तर उद्याची वाट बघू नका. (वाचणाऱ्या इतरांसाठी: बोक्याच्या बाबतीत हे जिवावर बेततं. मूत्रमार्ग अरुंद असतो, पूर्ण अडला तर एक-दोन दिवसांत किडनी आणि हृदय दोन्हीवर येतं.)

कुत्र्यालाही दाखवा, फक्त वेगळ्या वेळेला. इतकी वर्षं शांत असलेला कुत्रा दोन महिन्यांत बदलतो तेव्हा कान, दात, कंबर, सांधे यांत दुखणं आहे का ते आधी बघायचं. दुखत असलेला कुत्रा जवळीक कमी सहन करतो, आणि मग आपण त्याला स्वभाव म्हणत बसतो.

आजच करायचं काम: दुसरा ट्रे दुसऱ्या खोलीत ठेवा. झाकण नसलेला, कोपऱ्यात न कोंबलेला, जिथून दोन दिशांनी बाहेर पडता येईल. लांबी मांजरीच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या मापाच्या दीडपट.

काठावरचा:
इतकं अवघड करायची गरज नाही. गुरगुरला की तिथल्या तिथे जोरात दरडावा. दोन-तीनदा केलं की थांबतं.

पट्टा_सैल:
गुरगुरणं थांबतं, त्यामागचं कारण थांबत नाही. गुरगुर ही सूचना आहे. ती दडपली की कुत्रा पुढच्या वेळी सूचनेशिवाय चावतो, आणि लोक म्हणतात "काही कारण नसताना चावला". शिवाय पाहुणा जवळ आला की ओरडा बसतो हे त्याच्या डोक्यात बसलं, तर पाहुणा आणखीनच वाईट ठरतो. हवेत दात आपटणं म्हणजे हा कुत्रा चावण्याच्या एक पायरी आधी आहे. इथे दरडावणं हा धोका आहे.

ओसरी, मूळ प्रश्नाचं उत्तर: तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टी एका जातीच्या नाहीत. परक्या मांजराला भुंकणं बरंचसं हद्दीचं आहे, त्याची फार काळजी नको. पहिल्या तीन गोष्टी मात्र हाड किंवा भांडं राखण्यासारख्या आहेत, फक्त राखायची वस्तू मांजरी आहे. फरक ओळखायला दोन खुणा पुरतात.

जपणारा कुत्रा सैल असतो. तोंड उघडं, वजन चारही पायांवर सारखं, मध्येच तुमच्याकडे बघतो, हाक मारली तर येतो. राखणारा ताठरतो. तोंड बंद, वजन पुढच्या पायांवर, मान खाली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो आणि एकाएकी पुतळा होतो. गुरगुर येते ती या थिजण्यानंतर.

दुसरी खूण जास्त भरवशाची. मांजरी निघाली तर तो तिला जाऊ देतो का? पंजा ठेवून थांबवणारा कुत्रा तिचं रक्षण करत नाही, ताबा ठेवतो. प्रेम नाही असं मी म्हणत नाही. प्रेम आणि ताबा एकाच कुत्र्यात सुखाने नांदतात.

ओसरी:
खुणा ताडून पाहिल्या, ताठरतो हे खरं. आता नेमकं काय करायचं ते क्रमाने सांगाल का?

पट्टा_सैल:
सांगतो. डॉक्टरांनी दुखणं नाही म्हटल्यावरच सुरू करा.

पहिले दोन आठवडे फक्त बंदोबस्त. पाहुण्यांनी मांजरीला हात लावायचा नाही, एकदाही नाही. तिच्या खोलीच्या दारात लहान मुलांसाठी असतं तसं फाटक लावा, पण जमिनीपासून साधारण 12 सेंटिमीटर वर. ती खालून जाते, 24 किलोचा कुत्रा जात नाही. आत ट्रे, पाणी, खाणं, नखं घासायचा खांब. भिंतीवर दीड मीटर उंचीला फळी, तिला चढायला-उतरायला दोन वाटा. एकच वाट असेल तर तो खाली बसून तीही अडवेल. कुत्र्याच्या हार्नेसला 2 मीटरची हलकी दोरी, टोकाला मूठ नसलेली (मूठ फर्निचरमध्ये अडकते), आणि तुम्ही खोलीत असाल तेव्हाच.

सोफ्यावर पंजा ठेवला तर गळपट्टा धरून ओढू नका, चावा बहुतेकदा तिथेच बसतो. मांजरीच्या विरुद्ध बाजूला 2 मीटरवर खाऊचे 4-5 तुकडे टाका. तो उतरला की ती निघून जाईल.

याच काळात "चल" हा शब्द शिकवा, मांजरी दुसऱ्या खोलीत असताना. शब्द म्हणायचा, वळून दोन पावलं चालायचं, तो आला की तुकडा. एका वेळी 10, दिवसात तीनदा. दहापैकी आठ वेळा शब्दावर वळू लागला की मांजरीच्या समोर वापरायचा.

मग खरा भाग. मांजरी फळीवर, कुत्रा दोरीवर, मदतीला एक ओळखीचा माणूस. माणूस अशा अंतरावर उभा करा की कुत्र्याला तो दिसेल, पण तो ताठरणार नाही. समजा 4 मीटर. माणसाने मांजरीच्या दिशेने एक पाऊल टाकायचं, एक सेकंद थांबायचं, मग कुत्र्यासमोर तुकडा पडायचा. माणूस मागे गेला की खाऊ बंद. हा क्रम उलटू नका. खाऊ आधी आणि माणूस नंतर असं झालं, तर खाऊची पिशवी दिसली की तो आधीच ताठरायला शिकतो. बहुतेक घरांत हे इथेच फसतं. एका बैठकीत 5-6 वेळा, तीन मिनिटांच्या वर नाही. सलग पाच वेळा सैल राहिला तरच अर्धा मीटर कमी. थिजला तर तुम्ही जास्त जवळ आलात, एक मीटर मागे जा आणि त्या दिवसापुरतं आवरा.

अंतर संपलं की हात पुढे करणं, मग एक सेकंद स्पर्श, मग तीन. माणूस बदलला की पुन्हा 4 मीटरपासून. कंटाळवाणं आहे, पण कुत्र्यांना एका माणसावरून सगळी माणसं कळत नाहीत.

तुकडे वाटाण्याएवढे. दिवसभराच्या खाऊतून मिळणाऱ्या कॅलरी एकूण आहाराच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, तेवढं जेवण कमी करा. मांजरीचं खाणं बक्षीस म्हणून देऊ नका. त्यात चरबी जास्त असते, आणि ते तिच्याजवळ पडलं तर राखायला दोन गोष्टी होतील.

मिशीवाली:
थोडी भर. तेल अवीवमधल्या संशोधकांनी 2008 मध्ये एका छताखाली राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत असताना गाठ पडली तर जास्त चांगलं जुळतं, आणि अशी बरीच जनावरं एकमेकांची देहबोलीही वाचायला शिकतात, असं त्यात दिसलं. तुमच्या हिशोबात मांजरी लहान होती, पण कुत्रा अडीच वर्षांच्या पुढे होता. म्हणजे तिची हलणारी शेपूट त्याला अजून खुशीचीच वाटत असेल. तिचं टोक हलायला लागलं की "चल" म्हणा. तिच्या वतीने तुम्ही बोलायचं.

उलटा प्रकारही होतो, बघून ठेवा. कुत्र्याचं नख कापताना तो केकाटला तर काही मांजरं कापणाऱ्याच्या पायावर झेप घेतात. त्यामागे माया असो वा नुसती खळबळ, मांजराचा चावा बारीक आणि खोल असतो, लवकर पिकतो. साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. नखं कापताना दार बंद.

गोचीड_निवारक:
ती त्याचे कान चाटते असं वाचलं म्हणून विचारतो. कुत्र्याच्या मानेवर गोचिडाचे थेंब टाकता का? लेबलवर पर्मेथ्रिन आहे का बघा. मांजरांच्या यकृतात ते निकामी करण्याची क्षमता फार कमी असते. नुसतं चाटल्याने किंवा टेकून झोपल्यानेही थरथर, झटके येऊ शकतात. टाकलंच तर 72 तास दोघं वेगळी. अशा जोडीच्या घरात मांजरासाठी सुरक्षित असलेलं दुसरं औषध डॉक्टरांकडून लिहून घेणं बरं.

ओसरी:
लेबल पाहिलं, पर्मेथ्रिन आहे. शेवटचा डोस तीन आठवड्यांपूर्वीचा. पुढचा टाकणार नाही. डॉक्टरांची वेळ उद्याची मिळाली आहे. कॅरिअर काढलं की तो गुरगुरतो, मग तिला न्यायचं कसं? मुसकं बांधू का?

पट्टा_सैल:
उद्या नको. सवय न लावता बांधलेलं मुसकं तो ओरबाडून काढेल आणि पुढे कायम घाबरेल. उद्या कुत्र्याला आधी फिरवून आणा, मग तो बाहेरच असताना किंवा लांबच्या बंद खोलीत चघळायला काही देऊन ठेवल्यावर कॅरिअर बाहेर काढा. आत तिच्या झोपण्याचा कपडा, वरून चादर. परत आल्यावर तिला थेट तिच्या खोलीत न्या, फाटक लावा, काही तास तिथेच राहू दे. दवाखान्याचा वास जाईपर्यंत भेट नाही.

मुसकं नंतर आणा. जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी पट्टीचं नको. पहिला आठवडा नुसतं पुढे धरायचं आणि आतून तुकडा द्यायचा, तो स्वतः नाक घालेपर्यंत पट्टा लावायचा नाही. आणि हवेत दात आपटणं पुन्हा झालं, तर धाग्यावर विचारत बसू नका. वर्तनाचं काम करणाऱ्या पशुवैद्याला घरी बोलावून दाखवा.

पाऊलखुणा:
उद्या निघण्याआधी मांजरीची लघवी कधी झाली ती वेळ लिहून घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. शक्य असेल तर तो पंजा ठेवतो तेव्हाचा व्हिडिओही न्या, आवाजासकट.